गिरजा परत येते का

अंजनाबाई नंदेश्वरांना पिक्चरचं नाव विचारलं तर त्या कपाळाला हात लावतील. नावं त्यांच्या डोक्यात टिकतच नाहीत. पण ट्रेलर विचारा, मग बघा. कोण कुठून आलं, कोणाच्या कानफटात कोणी दिली, पावसात कोण भिजलं, सगळं घडाघडा सांगतील आणि वर निकालही देतील. "हे चालन," किंवा "हे दोन दिवसांत उतरन." रायपुरातल्या मराठी मंडळींत हा निकाल म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

ही विद्या त्यांच्याकडे आली लहानपणी. बाप रेल्वेत, घरात पाच पोरं, आणि महिन्यातून एकदाच टाकीज. त्या काळी येणाऱ्या पिक्चरचं ट्रेलर आधीच्या पिक्चरसोबत थेटरातच दिसायचं. ते पाहून पुढच्या महिन्यात कुठे जायचं हे ठरवायचं काम बापानं, कोण जाणे काय पाहून, मधल्या पोरीवर टाकलं. झालं, अंजना तेव्हापासून ट्रेलर सुरू झालं की ताठ बसायची आणि पिक्चर सुरू झालं की निवांत झोपायची.

आता त्या आजी झाल्या, गुडघे बदलून झाले, पण सवय तीच आहे. सकाळी भाजी निवडायला बसल्या की मोबाइल तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि नवीन ट्रेलर लावायचं. हात आपले लाल माठाच्या भाजीत. निवडता निवडता हात थांबला तर समजायचं, पिक्चरमध्ये काहीतरी जीव आहे. हात चालूच राहिला तर पिक्चर गेलं भाजीच्या देठांसोबत. हात थांबला तरी तेवढ्यानं भागत नाही. मग तेच ट्रेलर पुन्हा, आवाज बंद करून. आवाज बंद केला की ढोल गप्प, बंदुका गप्प, गाणी गप्प, आणि माणसं नेमकी काय करून राहिली तेवढंच समोर उरतं. त्यात भलेभले उघडे पडतात.

त्यांचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. हिरो संथपणे चालत येतो, मागे धूळ उडते, आणि हे ट्रेलरात पुन्हा पुन्हा दाखवलं, तर त्याला पिक्चरमध्ये दुसरं काही काम नाही. हिरॉईनला ट्रेलरात एक वाक्य नसेल तर पिक्चरमध्येही ती केसच उडवणार. खून, कोर्ट आणि निकाल सगळं ट्रेलरातच दाखवलं, तर जायचं कशाला, घरी बसा, चहा प्या. आणि सगळ्यात मोठा नियम असा की ट्रेलरात ज्याची बडबड सगळ्यात जास्त, पण पोस्टरवर ज्याचा चेहरा नाही, त्याच्या भरवशावर तिकीट काढायचं नाही. तो माणूस तुम्हाला आत बोलावण्यापुरताच ठेवलेला असतो.

गुलाबराव, त्यांचे यजमान, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले. ते या सगळ्यावर एवढंच म्हणतात, "मले काही सांगू नको. मी तं अंधार झाला का झोपतो." आणि खरंच झोपतात. थेटरात त्यांचं घोरणं ऐकून मागच्या रांगेतल्या लोकांनी कितीदा तरी खुर्ची हलवलेली आहे.

आता हिंदी पिक्चरचं काय, ती रोजच येतात. एखादं चुकलं तर दुसरं. पण मराठी पिक्चर रायपुरात आपल्या पायानं येत नाही, त्याला बोलवावं लागतं. म्हणून दरवर्षी थंडीत इथली मराठी मंडळी मिळून तेलीबांध्याच्या तळ्याकाठच्या एका थेटरात एका रविवारी सकाळचा शो ठरवतात. पिक्चर कुठलं, ते अंजनाबाई ट्रेलरवरून सांगणार. रेल्वेवाले, सिलतऱ्याच्या कारखान्यातले, बँकेतले, विहारातल्या बायका, समता कॉलोनीतल्या बायका, सगळे नटूनथटून येतात. वर्षातून एक दिवस आपली भाषा भिंतीएवढी मोठी होऊन समोर उभी राहते, हे काय थोडं आहे? अंजनाबाईंना त्यात आणखी एक हौस होती. अश्विनची, म्हणजे त्यांच्या पोराची, पायल आता आठवीत आहे. मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. आजी मराठीत विचारणार, नात हिंदीत सांगणार, असं त्यांच्या घरात दिवसभर चालतं. त्या पोट्टीनं वर्षातून एकदा तरी एवढ्या मोठ्या आवाजात मराठी ऐकावी, असं आजीला मनापासून वाटायचं.

तर यंदा त्या शोवरच गदा आली होती. गेल्या वर्षी अंजनाबाई गुडघ्याच्या ऑपरेशननं पलंगावर, पिक्चर दुसऱ्या कोणी निवडलं, आणि ते इतकं रटाळ निघालं की इंटरवलमध्ये बाहेर पडलेला अर्धा हॉल समोसे खाऊन परस्पर घरी गेला. थेटरचा मॅनेजर भार्गव भला माणूस, पण यंदा त्यानं स्पष्टच सांगितलं.

"आंटीजी, हॉल भरना एक बात है, टिकना दूसरी बात. इस बार भी इंटरवल के बाद कुर्सियाँ खाली दिखीं, तो अगले साल मैं ऊपर बात नहीं कर पाऊँगा."

म्हणजे यंदा चुकलं तर शो कायमचा गेला. अंजनाबाई घरी आल्या आणि चष्मा पुसून कामाला लागल्या.

बघता बघता दोन ट्रेलरं उरली. एक होतं दोन म्हाताऱ्या भावांचं. त्यांच्यात एकच जुनी स्कूटर आणि ती कोणाची यावरून अबोला. ते पाहताना हात थांबला. आवाज बंद करून पाहिलं, तरी माणसं खरी वाटली. सुशीला, अंजनाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण, समता कॉलोनीत साड्यांना फॉल-पिको करून देते, ती म्हणाली, "हेच घे. डोळे मिटून घे."

डोळे मिटून घेतलंही असतं. पण त्याच दुपारी दुसरं ट्रेलर आलं. पुण्याची एक उंच बिल्डिंग, खाली रिक्षातून एक बाई उतरली, काखेत बोचकं, कमरेवर हात. वर पाहून म्हणाली, "काहून बाई, मले पाहून तोंड वाकडं करून राहिल्या?"

अंजनाबाईंच्या हातातली लाल भाजी हातातच राहिली. ती बाई, गिरजा तिचं नाव, पुढे लिफ्टसमोर उभी राहून म्हणते, "हा डब्बा वर जाते का खाली?" आणि शेवटी पदर खोचून, "मी काय भिते का कोणाले?" बस, एवढंच. पण ती अंजनाबाईंची आई होती, मावशी होती, कॉलनीतली प्रत्येक बाई होती. जन्मभर मराठी पिक्चर पाहिली, आणि त्यातलं मराठी कानाला पाहुण्याच्या घरचं वाटायचं, सांभाळून ऐकावं असं. हे मराठी त्यांच्या चुलीजवळचं होतं. त्यांनी ट्रेलर पुन्हा लावलं. मग पुन्हा. दरवेळी आवाज बंद करायला बोट पुढे जायचं आणि मागे यायचं. आवाज बंद केला तर त्यात राहणार काय होतं? पोस्टरवर गिरजा नव्हती, तिथे एक गोरं जोडपं कॉफीचे मग घेऊन हसत होतं. तेही त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"सुशीले, ठरलं. गिरजावालं."

"अंजना, पोस्टर पाह्यलं का तू?"

"पाह्यलं."

"मंग?"

"मंग काही नाही. ठरलं."

अंजनाबाईंनी एकदा ठरलं म्हटलं की ठरलं.

ते ट्रेलर "आपले लोक" नावाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर पडलं आणि एकच धमाल उडाली. भिलाईचे लोक विचारायला लागले, आम्ही येऊ का. जो तो दुसऱ्याला म्हणायचा, "मी काय भिते का कोणाले?" हॉल पाहता पाहता भरला. आयुष्यात कधी थेटरात न गेलेल्या दोन म्हाताऱ्यासुद्धा नातवांच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या.

रविवारी सकाळी हॉलमध्ये अंधार झाला. पिक्चर सुरू झालं. गिरजा रिक्षातून उतरली आणि हॉलनं असा काही आवाज काढला की पडदा हलला असेल. ती तोंड उघडायच्या आधीच लोक हसत होते. पायलही हसली. गुलाबराव चक्क जागे होते, हे पाहून अंजनाबाईंना धन्य धन्य वाटलं.

पण थोड्या वेळानं त्या ट्रेलर पाहताना बसत तशा ताठ बसल्या. गिरजा त्या कॉफीवाल्या जोडप्याकडे कामाला आलेली होती. ती बोलली की मागे पिपाणीसारखं म्युझिक वाजायचं. तिनं मिक्सरचं झाकण उडवलं, पिपाणी. लिफ्टला डब्बा म्हणाली, पिपाणी. पाहुण्यांसमोर तिनं "जेवता का नाही जेवत?" म्हणून विचारलं, तर पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसले आणि मालकीणबाई लाजेनं लाल झाल्या. हॉलमधलं हसू हळूहळू कमी होत गेलं. आपण हसतोय एका गोष्टीला आणि हे पिक्चर हसतंय दुसऱ्याच गोष्टीला, हे कळायला लोकांना वेळ लागला, पण कळलं. आणि इंटरवलच्या जरा आधी, ही बोलते कशी, चारचौघांत शोभा होते, म्हणून मालकिणीनं गिरजाचं बोचकं बांधून तिला बसमध्ये बसवून दिलं. बस निघाली तेव्हाही पिपाणी वाजली.

मग अंधारातून एक आवाज आला, मोठा नाही, घरात बसून विचारावा तसा.

"काहून काढलं बे तिले?"

गुलाबराव होते. आणि त्यांच्या मागोमाग अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. दिवे लागले, इंटरवल झाला.

अंजनाबाई बाहेर आल्या त्या भिंतीला धरूनच. तोंडघशी पडणं म्हणजे काय हे त्यांना या वयात समजत होतं. लाज वाटत होती ती स्वतःच्या निवडीची तर होतीच, पण त्याहून जास्त, एवढ्या माणसांना बोलावून आणून त्यांच्याच बोलीची थट्टा दाखवली याची होती. पलीकडे भार्गव समोशांच्या काउंटरजवळ हाताची घडी घालून उभा, नजर दरवाजावर, कोण बाहेर चाललं ते पाहत. तेवढ्यात बायका अंजनाबाईंभोवती गोळा झाल्या, माणसंही आली.

"अंजनाबाई, येते का वो ते परत? गिरजा?"

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना खरं उत्तर माहीत होतं. ट्रेलरात गिरजाची जेवढी वाक्यं होती, तेवढी सगळी होऊन गेली होती. ट्रेलरातले जे तुकडे अजून पडद्यावर यायचे होते, त्यांत कॉफी होती, भांडण होतं, समुद्र होता, गिरजा कुठेच नव्हती. ती गेली ती गेली. येते म्हटलं असतं तर सगळे आत गेले असते आणि शो वाचला असता. नाही म्हटलं तर हे लोक चपला वाजवत घरी जाणार, आणि समोर भार्गव उभा आहे. फक्त होकाराचं एक "हव" म्हणायचं होतं. पण पिक्चरच्या बाबतीत या तोंडातून खोटं कधी निघालं नव्हतं. तुम्ही म्हणाल, पिक्चरच तर आहे. तुमच्यासाठी असेल.

"नाही येत," अंजनाबाई म्हणाल्या. "तिचे सारे सीन झाले. ट्रेलरात होते तेवढेच होते. मी चुकली. मले पोस्टर दिसलं होतं, मी मानलं नाही. ज्याले जायचं त्यानं जावं, मी काही मनाले लावून घेणार नाही."

मग सुशीला पुढे आली. तिला आता बोल लावायचा हक्कच होता, आणि अंजनाबाई ऐकून घ्यायला तयारही होत्या.

"एकदा चुकली ना तू?" सुशीला म्हणाली.

"हव."

"मंग आणखी एकदा चुकशील. चला वो, येते ते. हिच्यावर काय भरवसा ठेवता?"

आणि लोक खरंच हसत आत वळले. जन्मभर ज्यांचा शब्द खरा निघावा म्हणून लोक कान देत आले, त्यांचाच शब्द खोटा निघावा म्हणून आज अख्खा हॉल भरून बसला. अंजनाबाईसुद्धा. आपण चुकावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतकं वाटलं.

पुढचा भाग कसा गेला ते विचारू नका. त्या जोडप्यात काय भांडण होतं, ते आजही रायपुरात कोणाला सांगता येणार नाही. फ्लॅटची बेल वाजली की सगळा हॉल सावरून बसायचा. दार उघडलं की कुरियरवाला. पुन्हा बेल, नणंद. पुन्हा बेल, आणि मागच्या रांगेतली म्हातारी चांगलं ऐकू जाईल असं म्हणाली, "आली माय." तर इस्त्रीवाला. जोडपं समुद्रावर गेलं, परत आलं, गॅलरीत कॉफी प्यालं आणि पिक्चर संपलं.

दिवे लागले. पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं सुरू झाली. एरवी नावं दिसली की लोक पर्सा, मफलर शोधायला लागतात. आज कोणी उठलं नाही. झाडूवाला दाराशी येऊन उभा राहिला, पाहून परत गेला आणि भार्गवला घेऊन आला. नावं वर सरकत होती. लाइटवाले, रंगवाले, जेवणवाले. आणि मग एका ओळीत एका बाजूला गिरजा, आणि तिच्यासमोर ते काम करणाऱ्या बाईचं नाव आलं. म्हाताऱ्या, पोट्टे, सिलतऱ्याचे, भिलाईचे, सगळ्यांनी त्या एका ओळीला टाळ्या वाजवल्या. ओळ वर जाऊन दिसेनाशी झाली तरी वाजवत राहिले. अंजनाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बाहेर निघताना भार्गवनं त्यांना गाठलं. त्याचा चेहरा खुलला होता.

"आंटीजी, मेरे हॉल में आज तक किसी ने आखिरी नाम तक बैठ के ताली नहीं बजाई. इतनी अच्छी पिक्चर थी?"

"नहीं भैया, एकदम बेकार थी."

"तो फिर कोई उठा क्यों नहीं?"

"हमारी एक बाई को आना था," अंजनाबाई म्हणाल्या. "नहीं आई."

भार्गवला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण त्याला जे पाहायचं होतं ते त्यानं पाहिलं होतं. पुढल्या वर्षीचा रविवार पक्का समजा म्हणाला, आणि दुसऱ्या शोच्या लोकांना आत सोडायला गेला.

अंजनाबाईंच्या जिवात जीव आला. "सुशीले, पुढच्या वर्षी तू निवड," त्या म्हणाल्या.

"मी काहून? माह्या निवडीले लोक नावं ठेवतील तं मले झोप येणार नाही. तूच निवड. फक्त आवाज बंद करून पाह्य."

सुशीला ऑटोत बसून गेली. गुलाबराव स्कूटर काढायला गेले. जागं राहण्याचा पराक्रम केल्यामुळे ते आता जांभया देत होते. अंजनाबाई आणि पायल तळ्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. थंडीतलं ऊबदार ऊन होतं, माणसं फिरत होती, कोणी ठेल्यावर गुपचुप, म्हणजे इथली पाणीपुरी, खात होतं.

"आजी, वो गिरजा बस में बैठ के गई कहाँ होगी?"

अंजनाबाईंनी विचार केला. ट्रेलरात हे नव्हतं, पिक्चरमध्येही नव्हतं. पण नात विचारून राहिली होती.

"रायपूरले आली असन."

"यहाँ क्यों?"

"मंग कुठे जाईन? येथे तं आपण सारे तिच्यासारखेच बोलतो. तिनं तोंड उघडलं तं हसन कोण?"

"पर हँसे तो हम भी थे. शुरू में."

"हव, हसलो. आपल्या घरचं माणूस लई दिवसांनी दारात दिसलं का हसतो ना आपण, तसं हसलो."

पायलनं तळ्याकडे पाहत ते मनातल्या मनात तपासून घेतलं.

"फिर ठीक है," ती म्हणाली.